कमरेखाली वीस कला

सासू: हे काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा. चष्मा आहे माझ्या नाकावर, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

जावई: आई, ते मी नाही लिहिलेलं. ते आमच्या वेधशाळेचं सॉफ्टवेअर आपोआप लिहितं.

सासू: सॉफ्टवेअरला माझं नातं काय ठाऊक? वाचा.

जावई: "सासूबाई. अंधार पडताच पश्चिमेला. उतरतीला लागलेल्या."

सासू: पुढे.

जावई: "साडेनऊनंतर दिसणार नाहीत."

सासू: पुढे. शेवटची ओळ गिळू नका.

जावई: "प्राधान्य सर्वांत खालचं. या ठिकाणी उल्लेखनीय काही नाही."

सासू: वा, जावईबापू, वा! पोटची पोर दिली तुम्हाला, आणि तुम्ही मला आभाळात नेऊन टांगलंत. तेही खालच्या नंबरावर.

जावई: अहो आई, ऐकून तर घ्या. यादीत ज्याला नाव आहे तो तारा नुसता नाव टाकला की सापडतो. पण तुम्ही दाखवता तिथं यादीप्रमाणे काहीच नाही, मोकळं आभाळ आहे. मग अशी जागा हातानं खूण करून घालावी लागते. हे बघा बटण, "स्वतःची जागा". दोन आकडे द्यायचे, आडवा आणि उभा, आणि एक नाव द्यायचं. नावाचा रकाना कोरा ठेवला की ते पुढं सरकतच नाही. मागच्या वेळी घाई होती, जे तोंडात आलं ते टाकलं.

सासू: चाळीस वर्षं माझ्या नावाची पाटी आहे शिवणाच्या दुकानावर. ती नाही तोंडात आली.

जावई: आत्ता बदलतो. काय घालू?

सासू: काही घालू नका. नावानं कोणाचं भलं झालंय? आकडे घाला. किती वाजले?

जावई: सव्वातीन.

सासू: आणि आज रात्री दुर्बिणीनं काय बघायचं त्याची यादी चारला बंद. हलवा हात.

जावई: आई, हात हलवून उपयोग नाही. अर्ज परत येणार. नियमच आहे तसा. एकदा मोठ्या दुर्बिणीनं बघून रिकामी निघालेली जागा वर्षभर पुन्हा मागता येत नाही.

सासू: हा नियम मागच्या महिन्यात कुठे होता?

जावई: होताच. मागच्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदा मागितली होती ना. दहा मिनिटं मिळाली, फोटो काढला, फोटोत काही आलं नाही. झालं.

सासू: तुमचं झालं. माझं काय झालं ते सांगू? तुमचा तो कोरा फोटो आमच्या आकाशमंडळाच्या अध्यक्षांनी सभेत भिंतीवर लावला. भर सभेत! आणि म्हणाले, "बाईंनी डोळे तपासून घ्यावेत. शिलाई वेगळी, खगोल वेगळं." माणसं हसली. खुर्च्या हलेपर्यंत हसली.

जावई: मी नव्हतो त्या दिवशी.

सासू: नसणारच. तुम्हाला कळलं होतं ना आधी. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक कापड परत न्यायला आलं. आठवड्यात तीन झाली. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काकू, आता दिसत नाही म्हणे तुम्हाला?" मी म्हटलं, तुझ्या ब्लाउजची उलटी शिवण इथून दिसतेय, माझ्या हातची नाही ती. तरी नेलंन कापड! डोळ्यांनी अधू शिंपिणीला कोण कापडावर कात्री चालवू देणार?

जावई: लोक विसरतील हो.

सासू: रविवारी विसरतील? रविवारी मंडळाची बैठक आहे. माझ्या अकरा वर्षांच्या ताऱ्यांच्या नोंदी मंडळाच्या वहीतून बाद करायचा ठराव आहे. अकरा वर्षं! एका कोऱ्या फोटोवरून. दिवसभर मशिन चालवून संध्याकाळी गच्चीवर चढले मी, गुडघ्यांना तेल लावून. पदवी नाही म्हणून डोळे नाहीत का मला? सुईच्या नाकातून एका फटक्यात दोरा घालते अजून. त्या अध्यक्षांना सांगा घालायला. स्वतःच्या पायजम्याची नाडी ओवता येत नाही, माझ्याकडे पाठवतात.

जावई: खरंच?

सासू: दोनदा.

जावई: बरं, पण आजच कशाला? पुढच्या महिन्यात बघू, नियमातून काही वाट निघाली तर.

सासू: तुम्ही इथं नोकरी करता की नुसते बसता? मी मृगात बघते तो तारा तीन दिवस पेटतो आणि विझतो. मग छत्तीस दिवसांनी पुन्हा. पाच वेळा लिहिलंय मी, माझ्या मापाच्या वहीत. आज छत्तिसावा दिवस. आणि पुढच्या खेपेपर्यंत मृग संध्याकाळच्या उजेडातच बुडून जाईल. मग काय बघता, सूर्याचं बूड?

जावई: आई, हळू. शेजारच्या खोलीत मॅडम आहेत.

सासू: असू देत. त्यांनाही कळू दे. नियमाला काही पळवाट नाही म्हणता?

जावई: आहे एक. पण ती आपल्या कामाची नाही.

सासू: सांगा तर.

जावई: पहिल्या वेळी नोंदच चुकली असेल, म्हणजे दुर्बीण भलत्याच जागी रोखली गेली असेल, तर तो वेळ धरत नाहीत. पुन्हा देतात. पण तसं काही झालं नव्हतं. तुम्ही दिलेले आकडे मी स्वतः घातले होते.

सासू: मग आता माझ्यासमोर घाला. अर्ज परत येऊ दे नाही तर फाडू दे, मला माझा ठिपका त्या नकाशावर बघायचाय. ही वही. हं, काढा नवीन जागा.

जावई: काढली. आडवं सांगा.

सासू: पाच तास चौतीस मिनिटं. पहिल्यांदा मला हसू यायचं, अंतर तासांत मोजतात म्हणून. मग म्हटलं, बरोबरच आहे की. आपल्याला कोणी विचारलं घर किती लांब, तर आपण पण अर्धा तास म्हणतो.

जावई: पाच, चौतीस. आणि उभं?

सासू: कमरेखाली वीस कला.

जावई: कशाच्या खाली?

सासू: आभाळाच्या कमरेच्या. ती मधली रेघ नाही का, उत्तरेकडचं वर आणि दक्षिणेकडचं खाली करणारी?

जावई: खगोलीय विषुववृत्त म्हणतात त्याला.

सासू: म्हणू देत. कंबर आहे ती. अंशाचे साठ भाग केले की एक कला, तशा वीस कला, कमरेखाली.

जावई: म्हणजे शून्य अंश, वीस कला. घातलं. हा बघा पडला ठिपका.

सासू: कुठे पडला?

जावई: हा काय.

सासू: हा माझा नाही.

जावई: अहो, तुमच्याच आकड्यांचा आहे.

सासू: जावईबापू, हे मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे. बरोबर? माझा तारा त्यातल्या पहिल्याच्या शेजारी, त्याच्या बरोबरीनं. दोन बाह्या जशा एका रेषेत लागतात तसा. हा तुमचा वर चढलाय. बगल सोडून खांद्यावर गेलाय. काय घातलंत तुम्ही?

जावई: शून्य अंश, वीस कला.

सासू: उणे शून्य अंश, वीस कला.

जावई: आई, शून्याला उणे नसतं.

सासू: नसतं?

जावई: नाही ना. शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नाहीला उणं काय करणार?

सासू: शिकलात किती तुम्ही?

जावई: एमएस्सी.

सासू: आईबापांच्या कष्टावर, बिचारे! उभे राहा. राहा उभे. ही तुमची कंबर. पट्टा कमरेच्या अर्धा इंच वर बांधला, तर अख्खा इंच भरला का?

जावई: नाही. शून्य इंच आणि वर अर्धा.

सासू: आणि अर्धा इंच खाली बांधला तर?

जावई: तरी शून्य आणि अर्धा.

सासू: दोन्हीकडे शून्यच. पण मी गिऱ्हाइकाला वर की खाली ते विचारलं नाही, तर चारचौघांत पाटलोण कोणाची पडेल? वर की खाली हे सांगायलाच ते चिन्ह आहे. शून्यासाठी नाही ते, पुढच्या वीस कलांसाठी आहे.

जावई: (पट्टा वर ओढत) हं.

सासू: बसा. पट्टा ठीक आहे तुमचा.

जावई: थांबा जरा. उणे टाकून बघतो.

सासू: हं. आला बघा खाली! आला की नाही बरोबरीत? इथं. इथंच दिसतो तो. पाचही वेळा इथंच दिसला.

जावई: हो. तुम्ही, ते, चहा घेता का? खाली चांगला मिळतो. मी आणतो.

सासू: आत्ता?

जावई: आलं घातलेला.

सासू: जावईबापू, तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. माझ्या लेकीनं मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितलंय, हा माणूस खोटं बोलायला लागला की आधी कान बोलतात. तो मागच्या महिन्याचा ठिपका कुठे आहे?

जावई: कुठला?

सासू: मी. सासूबाई. उतरतीला लागलेल्या.

जावई: तो लपवून ठेवलाय. नकाशावर गर्दी होते ना.

सासू: दाखवा.

जावई: आई, जुन्या गोष्टी कशाला…

सासू: मला बघायचंय मी कुठे होते.

जावई: हे घ्या.

सासू: कमरेच्या वर.

जावई: हो.

सासू: वर वीस कला. आणि माझा तारा खाली वीस कला. म्हणजे मधे चाळीस. पौर्णिमेचा अख्खा चंद्र मावून उरेल मधे. आणि तुमच्या दुर्बिणीच्या फोटोत मावतं किती?

जावई: पंधरा कला.

सासू: म्हणजे माझा तारा तुमच्या फोटोत येणारच नव्हता. फोटो शेजारच्या घराचा काढलात आणि गावभर सांगितलंत, ह्या घरात कोणी राहत नाही.

जावई: हे सॉफ्टवेअर पण ना! उणे शून्य लिहिलं की कधीकधी उणे खातं ते. मी तक्रार करणार होतो.

सासू: आत्ता नाही खाल्लं.

जावई: कधीकधी म्हटलं मी.

सासू: माझी चिठ्ठी काढा. मी लिहून दिली होती ती. तुम्ही लोक कागद फेकत नाही, मला माहीत आहे. फायलीत असेल.

जावई: ती बहुतेक…

सासू: समोरच आहे फाइल. मी काढू?

जावई: मी देतो. पण आई, आधी एक ऐका.

सासू: द्या. हे माझं अक्षर. "उणे शून्य, वीस." आणि हे काय आहे? लाल शाईनं उणे खोडलंय. वर बारीक अक्षरात लिहिलंय, "चूक, शून्याला उणे नसते." ही शाई सॉफ्टवेअरची?

जावई: …माझी.

सासू: का खोडलंत?

जावई: मला वाटलं, तुमच्या हातून चुकून रेघ ओढली गेली.

सासू: खरं सांगा.

जावई: मला वाटलं, आईंना काय कळतंय यातलं. आपण दुरुस्त करून देऊ, त्यांचं हसं व्हायला नको.

सासू: हसं व्हायला नको!

जावई: खरंच तसं वाटलं होतं, आई. तुमची शपथ.

सासू: माझी शपथ घेऊ नका, आधीच उतरतीला आहे मी. एक फोन करता आला नाही? "आई, हे उणे असंच आहे का?" चार शब्द. मी कोणाच्या ब्लाउजचा गळा न विचारता दोन बोटं वर घेतला असता तर? तुमच्या लेखी आमच्यासारख्यांनी लिहिलेलं चुकीचंच असतं. तपासायची पण गरज नाही. सरळ खोडायचं.

जावई: चुकलं माझं.

सासू: मग नियमात बसतंय की! नोंद चुकली होती. लिहा अर्ज. किती वाजले?

जावई: पावणेचार व्हायला तीन मिनिटं आहेत.

सासू: लिहा मग.

जावई: आई, ते लिहायचं म्हणजे… तिथं रकाना आहे. "नोंद कोणामुळे चुकली." माझं नाव घालावं लागेल.

सासू: मग दुसऱ्या कोणाचं घालणार?

जावई: माझी कायम करायची फाइल याच आठवड्यात मॅडमच्या टेबलावर आहे. सहा वर्षांनी लागलाय नंबर. नोंदीतली चूक म्हणजे आमच्याकडे… तुमच्याकडे कापड उलटं कापल्यासारखं आहे ते. घरी माहीत आहे तिला. रोज विचारते, झालं का, झालं का.

सासू: माझ्या लेकीला मधे आणू नका.

जावई: आणत नाही. पण ती आहेच ना मधे. "यंत्रातील दोष" असाही एक पर्याय आहे त्या रकान्यात. तो घातला तर तुमचं काम होईल. आजची दहा मिनिटं मिळतील. कोणाचंच नुकसान नाही.

सासू: आणि रविवारी अध्यक्ष म्हणतील, यंत्र बिघडलं हे जावयानं लिहून दिलं, सासूसाठी. कोण विश्वास ठेवेल? शेंबडं पोर ठेवणार नाही.

जावई: मग मी काय करू, तुम्हीच सांगा.

सासू: मी सांगणार नाही. मी काही बोलणारच नाही. कापड कोणी कापलं ते कापणाऱ्यानं सांगायचं असतं. मी इथं खुर्चीत बसते.

(दार वाजतं. वेधशाळेच्या प्रमुख, सगळे ज्यांना मॅडम म्हणतात त्या, हातात आजच्या यादीचा कागद घेऊन आत येतात.)

मॅडम: यादी झाली का? पंधरा मिनिटं आहेत. पश्चिमेच्या बाजूला ढग येताहेत, मला क्रम बदलायचाय. या कोण?

जावई: या माझ्या सासूबाई.

मॅडम: अच्छा. म्हणजे यादीत आहेत त्याच? मला वाटलं कोणीतरी गंमत केलीय. नमस्कार. मी मागच्या महिन्यात तुमच्यावर दहा मिनिटं घालवली.

सासू: नमस्कार. कशी वाटले?

मॅडम: रिकाम्या निघालात.

सासू: असं ऐकलं खरं.

मॅडम: आज काय काम काढलंत?

सासू: माझं काही नाही. जावईबापूंना काहीतरी बोलायचंय. नसेल बोलायचं तर मी निघते, दुकान उघडायचंय.

मॅडम: काय हो?

जावई: मॅडम, ती जागा… मागच्या महिन्यातली. ती आज पुन्हा हवी होती.

मॅडम: वर्षभर नाही. नियम तुम्हीच टाइप केलाय, खाली तुमची सही आहे.

जावई: हो. पण नोंद चुकली होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये उणे शून्य…

मॅडम: सॉफ्टवेअरमध्ये उणे शून्य नीट चालतं. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तपासलंय. काय झालं?

जावई: म्हणजे कधीकधी…

मॅडम: कधीकधी काय? बोला, मला ढगांचं बघायचंय.

जावई: मी खोडलं.

मॅडम: काय खोडलंत?

जावई: उणे. यांनी बरोबर लिहून दिलं होतं. ही चिठ्ठी. मी लाल शाईनं खोडलं. मला वाटलं शून्याला उणे नसतं.

मॅडम: शून्याला उणे नसतं?

जावई: …असं वाटलं.

मॅडम: तुम्ही एमएस्सी ना?

सासू: मी पण हेच विचारलं.

मॅडम: चाळीस कला उत्तरेला रोखली आपण दुर्बीण.

जावई: हो.

मॅडम: आणि तो कोरा फोटो बाहेर गेला? आपल्या शिक्क्यासकट?

जावई: मंडळाला गेला. अध्यक्षांनी मागितला होता. त्यावरून सभेत यांना… त्यावरून रविवारी यांच्या अकरा वर्षांच्या नोंदी बाद करताहेत.

मॅडम: मला कोणी सांगितलं नाही.

जावई: मी सांगायला हवं होतं.

मॅडम: बाई, किती दिवसांनी दिसतो तो तारा?

सासू: छत्तीस. आज छत्तिसावा. साडेसातला नीट दिसायला लागतो. ही वही, पाचही तारखा आहेत. मापं मधे मधे येतील, ती सोडून वाचा.

मॅडम: "छाती चौतीस, खांदा साडेतेरा"… हं. ही तारीख. ही. आणि ही? इथं तुम्ही शेजारच्या दोन ताऱ्यांशी उजेडाची तुलना केलीय. कोणी शिकवलं हे?

सासू: कोणी नाही. एका रंगाच्या दोन कापडांतलं फिकं कोणतं, हे उन्हात शेजारी ठेवूनच कळतं. तसं केलं.

मॅडम: बरोबर केलंत. आठ वाजताची दहा मिनिटं देते. त्याआधी ढग आले तर पावणेआठला घेऊ. तुम्ही अर्ज भरा. "कोणामुळे" या रकान्यात पूर्ण नाव, हुद्दा, आणि काय केलंत ते एका ओळीत. "यंत्रातील दोष" घातलंत तर मी परत पाठवीन.

जावई: नाही घालत.

मॅडम: मंडळाला पत्र तुमच्या सहीनं आजच जाईल. फोटो भलत्या जागेचा होता, चूक वेधशाळेची. मी खाली सही करते. ही नोंद तुमच्या फायलीतही जाईल.

जावई: कायम होण्याच्या?

मॅडम: तुमची एकच फाइल आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. आणि चार वाजायच्या आत यादी द्या, रडगाणं नंतर. बाई, साडेसातला या. वरच्या खोलीत गार असतं, अंगावर काहीतरी घेऊन या.

सासू: येते. शाल माझी आहे, लागली तर तुम्हालाही एक आणते.

(मॅडम जातात.)

जावई: एक वर्ष गेलं, आई.

सासू: गेलं.

जावई: तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, मी अडखळलो तेव्हा तरी बोलाल.

सासू: तोंडाशी आलं होतं. तीनदा गिळलं. माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, सोपं नव्हतं ते.

जावई: घरी काय सांगू?

सासू: जे झालं ते. ती चिडेल. दोन दिवस भांडी आपटेल, मग आपोआप थांबेल. माझीच आहे ती. आधी अर्ज लिहा.

जावई: लिहितोय. "शून्य अंशापुढील उणे चिन्ह मी स्वतः, न विचारता, खोडले." बरोबर?

सासू: "न विचारता" खाली रेघ मारा.

जावई: मारली. नाव काय घालू जागेला? रकाना कोरा सोडता येत नाही.

सासू: काही पण घाला. आकडे दोनदा वाचा.

जावई: पाच तास चौतीस मिनिटं. उणे शून्य अंश, वीस कला. पाठवला. तीन वाजून छप्पन मिनिटं.

सासू: पोचला?

जावई: पोचला. आई…

सासू: हं?

जावई: एवढं सगळं करून आज तिथं काहीच निघालं नाही तर?

सासू: तर मी चुकले. रविवारी उभी राहून मीच सांगेन. आतापर्यंत तुमची चूक माझ्या नावावर फिरत होती हो. आता चुकायचंच असेल, तर तेवढं माझं मला चुकू द्या.